एक शब्द : काच, गवत आणि आकाश

पाणी पिण्याच्या भांड्याला आपण ग्लास म्हणतो. हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला. डॅनिश व स्वीडिश भाषांत 'ग्लास' म्हणजे काच. वेल्श भाषेत मात्र 'ग्लास' म्हणजे निळा! शिवाय त्या भाषेतील गवताच्या नावाचा शब्दशः अर्थ होतो 'ग्लास पेंढा'. मग वेल्श माणसाला गवत निळे दिसते की काय?

उत्तरासाठी आपल्याला दोन हजार वर्षे मागे जावे लागेल. रोमन लेखक प्लिनी (इ.स. ७७) व टॅसिटस (इ.स. ९८) यांच्या नोंदींनुसार उत्तरेकडील लोक अँबरला 'ग्लेसुम' म्हणत. अँबर म्हणजे प्राचीन वृक्षांच्या राळेचा पिवळसर, चकाकणारा जीवाश्म. काचेचे नाव याच कुळातले. प्लिनीनेच गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, 'ग्लास्टुम' या वनस्पतीचाही उल्लेख केला आहे. ती निळा रंग देणारी वनस्पती समजली जाते.

या शब्दांचे मूळ 'चकाकणे' या अर्थाच्या एकाच धातूत असावे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातील हरित आणि हिरण्य हे शब्दही त्याच धातूचे. म्हणजे आपला 'हिरवा' आणि हरिद्रेपासून आलेली 'हळद' ही या काचेची दूरची भावंडे ठरतात. एकाच मुळातून कुठे पिवळा, कुठे हिरवा, तर कुठे निळा निघाला.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ लुई येल्मस्लेव याने १९४३ साली दाखवून दिले, की वेल्श 'ग्लास'मध्ये डॅनिशमधला सगळा निळा, शिवाय हिरव्याचा आणि करड्याचाही काही भाग येतो. आज वेल्शमध्ये हिरव्यासाठी लॅटिनमधून आलेला वेगळा शब्द रूढ आहे. जुना अर्थ गवताच्या नावात टिकून राहिला. तेव्हा फरक डोळ्यांत नव्हता, तो शब्दांच्या सीमारेषांत होता.

निसर्गात अशा रेषा नाहीत. सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा दृश्य प्रकाश सलग असतो. वर्गात लोलकाने कागदावर वर्णपट पाडून पाहा. हिरवा कुठे संपतो आणि निळा कुठे सुरू होतो, तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला पेन्सिलीने खूण करू द्या. खुणा एका जागी पडणार नाहीत. त्यांतली कोणती चूक म्हणून खोडायची, हे ठरवण्यापूर्वी आपण वेल्श गवताची आठवण ठेवू.