दोन मिनिटांचे अंतर



कर्जत तालुक्यातले शेलू हे वांगणी आणि नेरळ यांच्यामधले लहानसे स्टेशन. शेलूची आणि मुंबईची घड्याळे एकच वेळ दाखवतात. सूर्याला मात्र हे मान्य नाही! कुलाब्यापेक्षा शेलूला तो सुमारे दोन मिनिटे आधी माथ्यावर येतो. दोन मिनिटांचे एवढे काय, असे तुम्ही म्हणाल. पण भर समुद्रातल्या खलाशाला ती फार महाग पडतात.

कशी ते पाहा. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. खलाशी सेक्स्टंट नावाच्या यंत्राने सूर्याची किंवा ताऱ्याची उंची मोजतो, त्याच क्षणी ग्रिनिचची वेळ टिपतो आणि नाविक पंचांग घेऊन आपले रेखांश काढतो. त्याचे घड्याळ दोन मिनिटे मागे असले, तर मुंबईच्या बंदरातले जहाज नकाशावर थेट शेलूच्या भातखाचरात जाऊन बसते! कागदावर याचे हसू येते. समुद्रात अशाच चुकीने जहाज खडकावर जाते आणि माणसे बुडतात.

म्हणूनच 1714 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने रेखांश काढण्याच्या उपायाला 20,000 पौंडांपर्यंत बक्षीस लावले. जॉन हॅरिसन या सुतारकाम करणाऱ्या माणसाने बोटीच्या हेलकाव्यांतही न चुकणारे घड्याळ बनवले. 1761 साली ते जमैकाच्या सफरीवर कसोटीला लागले, आणि उतरले. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली कुलाब्याला वेधशाळा काढली, तीही ग्रहताऱ्यांचे वेध घेऊन जहाजांना नेमकी वेळ देता यावी म्हणून.

जमिनीवर मात्र घोळच होता. रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले, मुंबई आपल्या वेळेने. दोहोंत अर्ध्या तासाचा फरक! 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ कित्येक वर्षे सोडली नाही.

पुढे बिनतारी संदेशाने जहाजाला वेळ मिळू लागली, आणि आता ती उपग्रहावरून येते. उपग्रहात अणुघड्याळ असते. संदेश निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ गेला, यावरून रिसीव्हर अंतर काढतो. इथे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे 300 मीटरची चूक! आपल्या ‘नाविक’ मालिकेतल्या, 2013 साली सोडलेल्या पहिल्या उपग्रहाची अणुघड्याळे बंद पडली, तेव्हा तो जागा सांगण्याच्या कामातून बाद झाला. 29 मे 2023 रोजी गेलेल्या उपग्रहात मात्र देशात बनवलेले अणुघड्याळ आहे.

मग सेक्स्टंट अडगळीत टाकायचा का? नाही. उपग्रहाचा संदेश फार क्षीण असतो. तो कोणी मुद्दाम दाबूही शकतो. शहाणा खलाशी रिसीव्हर चालू असतानाच आपले घड्याळ त्याच्याशी लावून ठेवतो. उद्या रिसीव्हर मुका झाला, तरी घड्याळ आणि तारे त्याला घरी आणतात.

गुरुजी, शाळेच्या अंगणात एक काठी सरळ रोवा आणि तिच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला शिवते ती वेळ आणि दुपारनंतर पुन्हा शिवते ती वेळ टिपा. दोहोंचा मध्य म्हणजे तुमच्या गावाची खरी दुपार. त्याच दिवशी मुंबईच्या एखाद्या शाळेलाही हेच करायला सांगा. काम काळजीने झाले, तर ती दोन मिनिटे मुलांना स्वतःच्या हिशेबात सापडतील.