हुडा
१४. हैदराबाद नागरी विकास प्राधिकरण, स्थापना १९७५. शहराबाहेरच्या प्लॉटांचे लेआउट त्याच्याकडून मंजूर करून घ्यावे लागत, म्हणून प्रस्तुत लेखकाच्या हेलपाट्यांत हे नाव सारखे येते. २००८ मध्ये त्याच्या जागी ‘एचएमडीए’ (हैदराबाद महानगर विकास प्राधिकरण) आले. अध्यक्ष मुख्यमंत्री, कार्यक्षेत्र ७,००० चौ. किमीहून अधिक. त्याआधी १६ एप्रिल २००७ रोजी जुनी महापालिका, भोवतालच्या १२ नगरपालिका आणि ८ ग्रामपंचायती एकत्र करून बृहन् हैदराबाद महापालिका केली गेली. सिकंदराबादची छावणी तेव्हाही बाहेरच राहिली, कारण कँटोन्मेंट बोर्ड संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. हद्दीवरच्या गटाराची तक्रार घेऊन जायचे कुठे, हा तिथला नित्याचा घोळ. राज्यघटनेच्या कलम २४३-झेडईनुसार महानगर नियोजन समितीत किमान दोन-तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडायचे असतात. सूत्रे मात्र प्राधिकरणाच्याच हाती राहिली.