रुग्णालयाच्या दारातील आई

मूल आजारी पडले की त्याच्या उशाशी आई असावयाची, ही गोष्ट आपणांस इतकी स्वाभाविक वाटते की, तिलाही काही इतिहास असेल अशी शंकाही मनास शिवत नाही. परंतु पाश्चात्त्य देशांतील उत्तमोत्तम बालरुग्णालयांचा नियम कित्येक पिढ्या नेमका याच्या उलट होता. मूल आत आणि आई बाहेर! हा नियम का रूढ झाला व तो कोणी मोडला, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

लंडन शहरी १८५२ सालच्या १४ फेब्रुवारीस, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील एका जुन्या घरात दहा खाटांचे बालरुग्णालय उघडले. डॉ. चार्ल्स वेस्ट हे त्याचे प्रवर्तक. पॅरिसमध्ये अशी संस्था १८०२ सालीच निघाली होती. गरिबांच्या मुलांस स्वच्छ हवा, सकस अन्न आणि शिकलेल्या परिचारिकेची शुश्रूषा मिळावी, हा या संस्थांचा उदात्त हेतू. परंतु गोवर, घटसर्प, डांग्या खोकला यांवर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते, आणि भेटीस येणाऱ्या माणसाबरोबर यांपैकी कोणता रोग आत शिरेल याचा नेम नसे. म्हणून आईबापांच्या भेटी मोजक्या झाल्या. यात निर्दयपणा नव्हता; भय होते, आणि ते निराधारही नव्हते.

पुढे या भयाच्या जोडीस दुसरे एक कारण येऊन बसले. आई भेटून गेली की मूल आकांत करी व सारी खोली हलवून सोडी. भेट बंद केली की चार-दोन दिवसांत ते निमूट होई. मूल रुळले, असा याचा अर्थ लावण्यात आला. सल्फाची औषधे आली, पेनिसिलिन आले, तरी नियम होता तसाच राहिला. १९४९च्या सुमारासही लंडनमधील काही रुग्णालयांत आठवड्यातून एकदा, रविवारी दोन तास, एवढीच भेट मिळे. एका ठिकाणी तर पहिला महिनाभर भेटच नसे. मात्र सायंकाळी तासभर आईबापांनी यावे आणि झोपलेले मूल पाहून परत जावे, एवढी सवलत होती!

या रूढीविरुद्ध प्रथम उभे राहिले ते वैद्यकांतीलच काही लोक. इंग्लंडच्या उत्तरेस न्यूकॅसल येथे १९२५च्या सुमारास डॉ. जेम्स स्पेन्स यांनी आपल्या अर्भक-रुग्णालयात आईला तान्ह्या मुलासह राहू दिले, आणि शुश्रूषेचे कामही तिच्याच हाती दिले. न्यूझीलंडमध्ये पिकरिल या शल्यवैद्य दांपत्याने १९३९ साली लोअर हट येथे बॅसम हे रुग्णालय काढले. दुभंगलेल्या ओठाटाळूच्या मुलांवर तेथे शस्त्रक्रिया होत, व प्रत्येक मुलाची आई त्याच्यापाशी राहून सारे काही करी. त्यांचा युक्तिवाद मोठा मार्मिक होता. आईच्या अंगचे जंतू मुलाच्या सवयीचेच असतात. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे संसर्ग पोहोचविणारे हात असतात ते अनेक मुलांची शुश्रूषा करणाऱ्यांचे. ज्या भयापोटी आईला बाहेर ठेविले, त्या भयावरचा उतारा आईच ठरली!

दुसरे कारण खोडून काढिले ते जेम्स रॉबर्टसन यांनी. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. महायुद्धाच्या काळात ऍना फ्रॉइड यांच्या बालगृहात ते भट्टी सांभाळण्याचे व किरकोळ दुरुस्तीचे काम करीत. पुढे टॅव्हिस्टॉक चिकित्सालयात डॉ. जॉन बोल्बी यांच्या हाताखाली, १९४८ पासून, त्यांनी रुग्णालयांतील मुलांचे निरीक्षण आरंभिले. त्यांस दिसले ते असे की, मूल आधी आक्रोश करते, मग निराश होते आणि शेवटी आईविषयी जणू उदासीनच बनते. ज्यास रुळणे म्हणत, ती ही उदासीनता होती. हे कोणी मानीना, म्हणून १९५२ साली त्यांनी एक चित्रपट दाखविला. दोन वर्षे पाच महिन्यांची एक मुलगी, साधी शस्त्रक्रिया, आणि आठ दिवसांचा मुक्काम. निवडक प्रसंग घेतले असा आरोप येऊ नये म्हणून दृश्यात भिंतीवरचे घड्याळही ठेविले होते. मुलगी फारशी रडत नाही. पण घरी निघताना आईने पुढे केलेला हात ती धरीत नाही. प्रेक्षक-वैद्यांपैकी पुष्कळजण संतापले. परंतु काहींनी आपापल्या रुग्णालयांत जाऊन पुन्हा पाहिले, आणि त्यांस तेच दिसले.

सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने १९५९ साली सरकारला अहवाल दिला. आईबापांस केव्हाही भेटू द्यावे, आणि पाच वर्षांखालील मुलाबरोबर आईचीही सोय करावी, अशी तिची शिफारस होती. शिफारस झाली म्हणून दारे आपोआप उघडली नाहीत. १९६१ साली लंडनच्या बॅटरसी भागातील मातांनी संघटना स्थापून आपापल्या भागांतील रुग्णालयांकडे पाठपुरावा केला, तेव्हा कोठे कागदावरचा नियम व्यवहारात उतरू लागला.

आपल्याकडील प्रश्न निराळा. येथे आई बहुधा खाटेपाशी असतेच. परंतु खाट सुटली आणि उपचार मात्र चालू राहिले की, तिने जावे कोठे? परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ साली सुरू झाले, देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले येतात. बालकांच्या रक्तकर्करोगाचा उपचार सामान्यतः दोन-तीन वर्षे चालतो. आज तो पुष्कळदा बराही होतो. पण मुंबईत राहावयास जागा नाही, बापाची मजुरी बुडाली, घरी दुसरी भावंडे आहेत, अशा कारणांनी उपचार मध्येच सुटतात, आणि औषध असूनही मूल हातचे जाते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९७४ साली अशा कुटुंबांसाठी रुग्णालयाजवळ निवासगृह उघडले. आपल्याकडे तर धर्मशाळेची परंपरा जुनीच. गाडगे महाराजांच्या नावाची दादर येथील धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांस व त्यांच्या नातलगांस आश्रय देते. आणि २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत कर्करोगग्रस्त मुलांची कुटुंबे उपचारकाळात विनामूल्य राहतात.

आईला आत घ्यावयास पाश्चात्त्य वैद्यकास एक शतक लागले. तिला आणि तिच्या कुटुंबास रुग्णालयाजवळ चार भिंती व एक चूल मिळवून देणे, हे काम वैद्यांच्या एकट्याच्या हातचे नाही. ते नगरवासीयांचे, म्हणजे तुमचे आमचे आहे.