लाकडाला आधी त्याची कुळकथा विचारा

नागपूरच्या उन्हात रस्त्यावरचे डांबर पाघळते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. माझ्याकडे मात्र ते भाजीच्या वाफ्यात पाघळले. काही वर्षांपूर्वी मी रेल्वेचे चार जुने लाकडी स्लीपर विकत आणले आणि मेथी-वांग्यांच्या वाफ्याला त्यांची कड केली. मे महिन्यात त्यांतून काळा, उग्र वासाचा चिकट द्रव बाहेर आला. कडेवर बसलेल्या नातीचे हात काळे झाले, तेव्हा मी या लाकडाची कुळकथा शोधू लागलो.

१८६७ साली मुंबईकडून येणारी आगगाडी नागपूरला पोचली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने पुढे सातपुड्यात नॅरोगेजचे जाळे विणले. एका मैलाच्या रुळाला साधारण १७६० ते २००० स्लीपर लागत. जंगले झपाट्याने तुटू लागली. १८६४ मध्ये सरकारने वनखाते उभारले आणि १८६५ मध्ये वन कायदा केला, त्यामागे रेल्वेची ही भूकही होती.

मध्य प्रांतातला साग आणि साल मूळचेच टिकाऊ. त्यांच्या पक्क्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. म्हणून त्यांचे स्लीपर बहुधा औषधाविनाच घालीत. हिमालयातल्या चीडसारख्या लाकडाचे तसे नाही. ते लवकर कुजते. त्यावरचा उपाय इंग्लंडमध्ये सापडला होता. १८३८ मध्ये जॉन बेथेल याने बंद टाकीत दाब देऊन लाकडात क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल, मुरवण्याचे पेटंट घेतले. पंजाबात धिलवाँ येथे याच कामाचा कारखाना निघाला.

दुसरा उपाय आपल्याच देशातला. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेसम यांनी १९३३ च्या सुमारास तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. जगभर खांब, कुंपणे त्यात मुरवली गेली. पण आर्सेनिक म्हणजे सोमल! अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापराच्या बहुतेक लाकडांसाठी ते बंद झाले. क्रिओसोटमध्येही कर्करोगकारक द्रव्ये असतात. जे औषध वाळवीला मारते, ते भाजीच्या मातीत कसे चालेल?

म्हणून जुने लाकूड जपण्याआधी ते कोठले, हे पाहावे. टोकाची पातळ चकती कापावी. आत काळेपणा किंवा डांबराचा वास असेल, तर ते वाफ्याला नको. पण लाकडाला हिरवट झाक असेल, किंवा पूर्वीचा काहीच पत्ता नसेल, तर करवतही लावू नये.

मी लकडगंजातून जुन्या घराच्या सागवानी तुळया आणल्या. खिळे उपटले आणि सालीलगतचा पांढरा, कच्चा भाग तासून टाकला. जुना रंग लागलेले तुकडे घेतले नाहीत, कारण त्यात शिसे असू शकते. तुळयांना जवसाचे तेल दिले. त्याने वाळवी मरत नाही, पाणी मुरणे मात्र कमी होते. तुळई थेट मातीवर न ठेवता खाली चार बोटे गिट्टी घातली, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही. बाहेरच्या बाजूने वीतभर पट्टा मोकळा ठेवला. वाळवी मातीची नळी करून चढते. ती तेथे लगेच दिसते आणि झाडूने मोडता येते. दर पावसाळ्यानंतर लाकूड सुकले की तेलाचा हात पुन्हा देतो.

ते चार काळे स्लीपर अजून कंपाउंडच्या कडेला पडून आहेत. वाफ्यात नाहीत आणि चुलीतही नाहीत, कारण त्यांचा धूरही विषारी असतो. रुळांखाली त्यांनी इमानाने भार वाहिला. दोष त्यांचा नव्हता. काही न विचारता त्यांना भाजीशेजारी बसवणाऱ्या माझा होता.