मामांचं कार्ड

आमचे मामा १९९८ साली फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि केज तालुक्यातल्या गावी परतले. नोकरीत कुटुंब सोबत असताना कुणी आजारी पडलं की मिलिटरी हॉस्पिटल, हे ठरलेलं. पण बीड जिल्ह्यात ना छावणी, ना लष्करी रुग्णालय. जवळचं म्हणजे नगर, नाहीतर तेव्हाचं औरंगाबाद. बीडपासून दोन्हीकडे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि केजहून आधी बीड गाठायचं! मामींची शुगर तपासायला एवढं कोण जाणार? गावातल्या डॉक्टरला पैसे देऊन भागवायचं.

खरं तर यात दोष कुणाचाच नाही. लष्करी रुग्णालयं फौजेसाठी उभी राहिली, म्हणून ती छावणीत. माणूस मात्र निवृत्तीनंतर आपल्या गावी जातो.

हे अंतर सरकारने उशिरा ओळखलं. १ एप्रिल २००३ ला माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही योजना सुरू झाली. वर्गणी एकदाच, तेव्हा पेन्शनप्रमाणे १,८०० ते १८,००० रुपये. मामांनी १,८०० भरले. वयाची अट नाही, जुना आजार चालतो, खर्चाला मर्यादा नाही. पत्नी, पुढे विधवा, अवलंबून असलेले आईवडील, सगळे त्यात. सुरुवातीला देशभर २२७ पॉलिक्लिनिक होती, २०१० मध्ये आणखी १९९ मंजूर झाली. पॉलिक्लिनिकने चिठ्ठी द्यायची, यादीतल्या खाजगी हॉस्पिटलने उपचार करायचे, बिल सरकारने भरायचं.

गोम आहे ती 'यादीतल्या' या शब्दात. करार करायचा की नाही, हे हॉस्पिटलच्या मर्जीवर. सरकारी दर कमी, बिलं रखडतात, म्हणून बरीच हॉस्पिटलं लांबच राहतात. तातडीच्या वेळी कुठेही दाखल होता येतं, पण यादीबाहेर आधी पैसे आपणच भरायचे आणि ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं.

मामांच्या छातीत कळ आली त्या रात्री मामींना हे ठाऊक नव्हतं. नियम सगळे मामांच्या डोक्यात, आणि मामा आयसीयूत! कार्ड ट्रंकेत. चौथ्या दिवशी कळवलं. मग वर्षभर हेलपाटे, आणि हाती आलं ते निम्म्याहून कमी.

मामा आता नाहीत. २०२५ मध्ये बीडहून नगरला रेल्वे सुरू झाली, तेव्हा मामींना हौसेने सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. पण रात्री दुखलं तर?"

त्यांचं कार्ड आता देव्हाऱ्यात असतं. पाठीमागे भिंतीवर पॉलिक्लिनिकचा फोन नंबर, नातवाने मोठ्या अक्षरात लिहिलेला.