सुईला बोटांचे डोळे

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण मंडळाच्या शिवणवर्गात मी बरीच वर्षे आहे, म्हणून अध्यक्षबाईंच्या आग्रहावरून आपल्या गोधडीविषयी चार शब्द लिहिते.

पूर्वी आपल्याकडे जुने लुगडे फाटले तरी टाकीत नसत. मऊ झालेल्या लुगड्यांचे थर मांडायचे, कच्चा दोरा घालायचा आणि कडेपासून ओळीशेजारी ओळ धावदोरा घालीत मध्यापर्यंत यायचे. बाळंतविड्यातले दुपटेही असेच होई. माझ्या सासूबाईंची दृष्टी उतारवयात गेली, तरी त्यांची गोधडी थांबली नाही. डाव्या अंगठ्याने मागची ओळ चाचपीत आणि त्या अंगठ्याच्या धरानेच पुढचा टाका घालीत.

हे रोज पाहूनही माझ्या हातून एक चूक झाली. तीन वर्षांपूर्वी एक आई आपल्या अंध मुलीला वर्गात घेऊन आली. "सुई टोचेल हो तिला," असे म्हणून मीच त्यांना परत पाठवले. मुलगी काही बोलली नाही. जाताना टेबलावरच्या दुपट्यावरून तिने हात फिरवला, तो मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

पुढे वाचनालयातून पुस्तके आणून वाचली, तेव्हा समजले की ही वाट फार जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले. पुढे 1896-97 च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना त्यांनी केडगावी आसरा दिला. तेथे अंध मुलीही होत्या. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल लिपी शिकवली. बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि साधनाताईंच्या सोबतीने वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. तेथे कुष्ठमुक्त, अंध व मूकबधिर माणसे हातमागावर आणि हस्तकलेत कामे करू लागली. दयेवर नव्हे, श्रमावर जगायचे, हा तेथला नियम. आपल्या पनवेलजवळ नेऱ्याचे शांतिवनही कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठीच उभे राहिले.

एक गोष्ट मात्र जपावी लागते. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो, पण बोटांची गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही. सुई टोचली तरी कळत नाही आणि जखम चिघळते. अशा भगिनीला अंगुस्तान द्यावे आणि काम संपल्यावर तिची बोटे पाहावीत. अंध मुलीच्या बोटांना उलट सगळे कळते. तिला कापडावर जाड दोऱ्याची उंच रेघ घालून द्यावी. मूकबधिर मुलीच्या समोर न बसता शेजारी बसावे, म्हणजे तिला डावे-उजवे उलटे दिसत नाही.

मी त्या मुलीच्या घरी गेले आणि माफी मागितली. पहिल्या महिन्यात तिच्या ओळी वाकड्या आल्या, दोनदा उसवाव्या लागल्या. गेल्या दिवाळीत तिने पहिले दुपटे पुरे केले. आमच्या घरी माझ्या सुनेला गोधडीला बसायला वेळ नाही, तिला मी दोष देत नाही. पण सासूबाईंचा टाका आज त्या मुलीच्या हातात आहे.

भगिनींनो, आपल्या आळीत अशी कोणी असेल तर तिला वर्गाला घेऊन या. जुनी लुगडीही आणा. सुया मंडळाकडे आहेत.