विमानाची वापरलेली आलिशान आसने : फेरविक्रीचा बाजार

प्रवासी विमानाच्या पहिल्या, बिझनेस किंवा प्रीमियम इकॉनॉमी वर्गातून उतरवलेल्या आसनांची खरेदी-विक्री. विमान मोडीत निघाले, कंपनी बुडाली किंवा केबिन नव्याने सजवायला घेतली की ही आसने बाजारात येतात. ज्या आसनावर एका रात्रीच्या झोपेसाठी प्रवासी लाखभर रुपये सहज मोजतो, ते विमानातून सुटे झाले की त्याची किंमत धाडकन कोसळते. चामडे, मोटरी आणि गाद्या तशाच असतात. पण आसन कोणत्या विमानाला जोडलेले आहे आणि त्याच्याबरोबर कोणते कागद आहेत, यावरच त्याचे मोल ठरते.

पलंगासारखे सपाट होणारे आसन ब्रिटिश एअरवेजने १९९०च्या दशकात पहिल्या वर्गात आणि २००० साली बिझनेस वर्गात आणले. तेव्हापासून हे आसन खुर्ची कमी आणि यंत्र जास्त झाले. त्यात पाठ व पाय हलवणाऱ्या मोटरी, त्यांचा नियंत्रक, पडदा, दिवा, घडीचे टेबल आणि अलीकडे सरकते दारही असते. बनवणारे मोजकेच आहेत : जर्मनीची रेकारो, फ्रान्सची साफ्रान, अमेरिकेची कॉलिन्स, उत्तर आयर्लंडची थॉम्प्सन आणि असे आणखी काही. जुन्या आसनांवर सिकमा, काँटूर किंवा बी/ई एरोस्पेस अशी नावे दिसतात. पहिल्या दोन कंपन्या झोडिॲकमार्गे साफ्रानमध्ये, तर तिसरी कॉलिन्समध्ये विलीन झाली. त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा हात-टेकू किंवा टेबलाची बिजागरी हवी असेल, तर मोडीत निघालेल्या विमानातून काढलेला भागच अनेकदा कामी येतो. विमान कंपन्यांकडून येणारी खरी मागणी अशा किरकोळ भागांना असते. अख्ख्या आसनाला ती क्वचितच असते.

याचे कारण प्रमाणपत्रांत आहे. अमेरिकेच्या १९८८च्या नियमानुसार नव्या रचनेच्या विमानातील आसनाला गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट पुढचा धक्का सोसण्याची चाचणी पार करावी लागते. त्याआधीची नऊपटीची चाचणी स्थिर भाराची होती. गादीवर तेलाच्या भट्टीची ज्वाला दोन मिनिटे धरून तिचे वजन किती घटते, हे पाहण्याचा नियम १९८४चा आहे. आसन मंजूर होते तेही ठरावीक विमानात, ठरावीक मांडणीत. दुसऱ्या कंपनीच्या विमानात ते बसवायचे तर मांडणीचा आराखडा, जमिनीतल्या रुळांवरचा भार, आणीबाणीच्या दारापर्यंतची वाट, सारे पुन्हा मंजूर करून घ्यावे लागते. भारतात सुट्या भागाबरोबर नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या पद्धतीचा ‘सीए फॉर्म १’ लागतो. अमेरिका व युरोपचे असेच आपापले फॉर्म आहेत. हौशी मालकाने घरी नेऊन चामडे बदलले की नव्या कापडाचा ज्वलन-दाखला नसतो आणि आसनाचा परतीचा रस्ता बंद होतो. २०२३ मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स या कंपनीने बनावट दाखल्यांवर इंजिनांचे भाग विकल्याचे उघड झाले. तेव्हापासून जुन्या भागांच्या कागदांकडे सगळेच अधिक बारकाईने पाहू लागले आहेत.

आलिशान आसनाची खरी फेरविक्री विमानासकट होते आणि याची उत्तम उदाहरणे मुंबईने पाहिली आहेत. जेट एअरवेजने २००७ मध्ये आणलेल्या बोइंग ७७७-३००ईआर विमानांत पहिल्या वर्गासाठी दार बंद होणाऱ्या आठ खोल्या होत्या. त्या काळी हा थाट जगात फार थोड्यांकडे होता. पुढच्याच वर्षी मंदी आली आणि यांतली काही विमाने तुर्की व थाई विमान कंपन्यांना भाड्याने गेली. तुर्कीने तर जेटच्याच खोल्या आपला पहिला वर्ग म्हणून विकल्या. पुढे उलटा प्रवाहही दिसला. टाटांनी २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया ताब्यात घेतल्यावर विमाने तातडीने हवी होती. डेल्टा या अमेरिकी कंपनीची पाच जुनी ७७७-२००एलआर विमाने त्यांच्या दारवाल्या बिझनेस खोल्यांसकट भाड्याने आली आणि अमेरिकेच्या मार्गांवर उडू लागली. दुसऱ्याचे जुने आसन एअर इंडियाच्या स्वतःच्या जुन्या आसनापेक्षा कितीतरी चांगले होते, हे प्रवाशांनी लगेच ओळखले.

याहून वेगळी गोष्ट एअरबस ए३५०ची. ही विमाने रशियाच्या एरोफ्लोतसाठी बांधली होती. २०२२च्या निर्बंधांमुळे ती तिकडे जाऊ शकली नाहीत आणि त्यांतली सहा एअर इंडियाने घेतली. २८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि २६४ इकॉनॉमी ही मांडणी एरोफ्लोतसाठी ठरलेलीच राहिली. २२ जानेवारी २०२४ रोजी यांतले पहिले विमान प्रवासी घेऊन बंगळूरहून मुंबईला उतरले. आसने कोरी होती, पण पसंती दुसऱ्याची. म्हणून त्यांना काटेकोर अर्थाने ‘वापरलेली’ म्हणता येत नाही. फेरविक्रीचा नियम मात्र इथेही तोच : आसन विमान सोडत नाही.

विमान बुडीत कंपनीचे असले, तर आसनाचा मालक कोण, हा आधीचा प्रश्न. भारतीय कंपन्यांची बहुतेक विमाने भाडेपट्ट्याची असतात आणि आसनेही विमानमालकाकडेच जातात. कर्मचाऱ्यांची थकबाकी किंवा प्रवाशांचा परतावा त्यांतून सुटेल ही आशा म्हणूनच फोल ठरते. किंगफिशर एअरलाइन्स ऑक्टोबर २०१२ मध्ये थंडावली, जेट १७ एप्रिल २०१९ रोजी. जेटचे अवसायन करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. दरम्यान मुंबई विमानतळावर उभी विमाने जागा अडवत राहिली, भाडे चढत राहिले आणि दमट हवेत केबिनची रया जात राहिली.

सर्वांत बोलके प्रकरण किंगफिशरचे मालक विजय मल्ल्या यांच्या खासगी एअरबस ए३१९चे. आत मद्यकक्ष, शयनकक्ष, वीसपंचवीस पाहुण्यांची सोय. सेवाकर विभागाने २०१३ मध्ये ते मुंबईत जप्त केले. २०१६च्या लिलावात राखीव किंमत होती १५२ कोटी रुपये आणि आलेली एकमेव बोली होती १.०९ कोटींची. अखेर २०१८ मध्ये सरकारी एमएसटीसीच्या ई-लिलावात ते ३४.८ कोटींना फ्लोरिडाच्या कंपनीकडे गेले. ऐश्वर्याला स्वतंत्र भाव मिळत नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. एअर इंडियाची उरलेली चार बोइंग ७४७ विमानेही अमेरिकेच्या एअरसेलने घेतली ती मालवाहतुकीसाठी आणि सुट्या भागांसाठी. त्यांतले एक २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून उडाले, तेव्हा वैमानिकाने पंख हलवून निरोप दिला.

कागद गमावलेल्या आसनाला उरते ते हौशी गिऱ्हाईक. ऑक्टोबर २०२२ मध्ये तुलूझ येथे ए३८०च्या भागांचा जाहीर लिलाव झाला, त्याला जगभरातून बोली आल्या. भारतात आसने दिसतात ती हवाई सेविकांच्या प्रशिक्षण संस्थांत, चित्रपट-मालिकांच्या ‘विमान’ सेटवर आणि विमानाच्या सांगाड्यात थाटलेल्या उपाहारगृहांत. मुंबईला जुन्या ऐवजाची सवय आहे; मोडीत निघालेल्या जहाजांचे फर्निचर ओशिवऱ्यात दशकानुदशके विकले जात आहे. जहाजाची खुर्ची मात्र दिवाणखान्यात ठेवली की काम झाले. विमानाचे आसन रुळात अडकवायचे असते, त्यामुळे खाली लोखंडी चौकट करून घ्यावी लागते. विमानातील वीज ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची असते; मोटरी बहुधा २८ व्होल्ट डीसीवर चालतात, म्हणून घरच्या २३० व्होल्टसाठी वेगळा पुरवठा जोडावा लागतो. पडदा विमानातील सर्व्हरशिवाय काळाच राहतो. बिझनेस आसनाचे वजन शंभर किलोच्या घरात जाऊ शकते आणि बऱ्याच मांडण्यांत दोन आसने एकाच चौकटीवर असतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्याने याचा आधी विचार करावा.

मुंबईबाहेर, सिंधुदुर्गात मात्र हा बाजार नाही. जिल्ह्यातील चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी आणि शेजारच्या गोव्यातील मोपाचा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, तरी विमान मोडण्याची सोय दोन्हीकडे नाही. सावंतवाडी तालुक्यातील इन्सुली हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. या वाटेने जाणाऱ्या आराम बसगाड्यांच्या पुशबॅक सीट जुन्या झाल्या की गॅरेजांतून फिरतात, हा इथला जवळचा व्यवहार. बसमालकाला किंवा कॅराव्हॅन सजवणाऱ्याला विमानाचे आसन बसवण्याचा मोह झाला, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते : नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. शिवाय वाहनातील आसनांना त्यांचे स्वतंत्र मानक आहे. सोळापटीचा धक्का सोसणारे आसन बसच्या कागदात अनोळखीच ठरते.

परदेशातून आणवणेही सोपे नाही. जुलै २०२४ पासून विमानाच्या भागांच्या आयातीवर एकसमान ५ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर आहे, पण तो अटींसह. दिवाणखान्याची सजावट हा त्या सवलतीचा हेतू नव्हे. भांडवली सामग्री सोडून इतर जुन्या वस्तूंच्या आयातीला परकीय व्यापार धोरणानुसार परवाना लागतो. संकेतस्थळावरचा भाव पाहून भुलणाऱ्याने जहाजभाडे, परवाना आणि जकात धरून हिशेब करावा. तो सहसा फसतो.

देशातल्या मोठ्या साठ्याकडे पाहायचे तर एअर इंडियाच्या ४० कोटी डॉलरच्या नूतनीकरणाकडे पाहावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेली ही योजना नव्या आसनांच्या जागतिक टंचाईमुळे रखडली आणि जुन्या आसनांचीच डागडुजी करत राहावे लागले. या कंपनीच्या प्रत्येक जुन्या बोइंग ७८७-८ मध्ये बिझनेसची १८ आसने होती. नूतनीकरणासाठी या विमानांतले पहिले जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथील बोइंगच्या केंद्रात पाठवण्यात आले.